मायनसची वायर

माझी बायको जाऊन सात महिने झाले. जायच्या आधी तिनं मला एकच गोष्ट बजावली होती. पोरीला सांगू नका. काय सांगू नका ते पुढं येईल. मी हो म्हटलं होतं. दिलेला शब्द मी मोडला, आणि तो मोडायला मला गाडीच्या बॅटरीनं लावलं. ऐकायला हे येडपटासारखं वाटेल, पण झालं ते असं झालं. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा कुठं काना-मात्रा चुकली तर चुकली.

गाडी आमची लहान, पेट्रोलची, दुसऱ्याच्या हातून घेतलेली. त्याआधी मी आयुष्यभर टेंपो चालवला. कर्जत-खोपोली रस्त्यावर भाताची पोती वाहिली, पेंढा वाहिला, कोंबड्या वाहिल्या. टेंपोत काही बिघडलं की आवाज यायचा, वास यायचा, स्टेअरिंगवर हाताला कळायचं. या गाडीचं तसं नाही. हिच्या समोरच्या पट्टीवर एक पिवळा दिवा लागतो, इंजिनाच्या चित्राचा. काय बिघडलंय ते तो सांगत नाही. बिघडलंय एवढंच सांगतो.

हा दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा बायकोचं डायलिसिस सुरू होऊन महिना झाला असेल. आठवड्यातून दोन दिवस मी तिला घेऊन खोपोलीच्या पुढं हायवेच्या अंगाला एका हॉस्पिटलात जायचो. पळसदरीच्या अलीकडे आमचं गाव, तिथून सकाळी सातला निघायचं. ती चार तास मशिनवर. मी चार तास खाली गाडीत. वर बसायला जागा होती, पण मला ते बघवायचं नाही. नळीतून रक्त बाहेर येतंय, परत आत जातंय. मी खालीच बरा.

तिथं माझ्यासारखे आणखी एक-दोघं असायचे, पेशंट आणलेले टॅक्सीवाले. त्यातल्या एकानं माझा दिवा बघितला आणि मला ती युक्ती शिकवली. म्हणाला, गाडीला एक कॉम्प्युटर असतो, बिघाड त्याच्या डोक्यात राहतो. बॅटरीची मायनसची वायर काढून ठेवा, डोकं रिकामं होतं. दहा नंबरचा पाना घ्यायचा. चावी बंद करून बाहेर काढायची. बॉनेट उघडायचं, मायनसचा नट ढिला करायचा, वायर उचलून बाजूला फडक्यात गुंडाळायची, म्हणजे चुकून टेकायला नको. प्लसला हात लावायचा नाही. मग हेडलाइटचं बटण चालू करून ठेवायचं, आतमध्ये जो काही करंट शिल्लक असेल तो निघून जातो. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. वायर परत लावायची, नट घट्ट करायचा, गाडी चालू करायची आणि एक्सिलेटरला पाय न लावता दहा मिनिटं तशीच घुर्र करत उभी ठेवायची. त्या वेळात ती सगळं नव्यानं शिकते म्हणे. घड्याळ एकावर येतं, रेडिओची स्टेशनं जातात. आणि दिवा गेलेला असतो.

मला ते फार आवडलं. खोटं कशाला बोलू. त्या दिवसांत माझ्या हातात दुसरं काही नव्हतं. वर डॉक्टर, नर्स, मशीन. माझ्या बायकोचं काय होतंय यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं. खाली मात्र मी पाना घेऊन एक काम पूर्ण करत होतो आणि ते झालेलं दिसत होतं. तीन-चार फेऱ्या झाल्या की दिवा परत लागायचा. मी परत वायर काढायचो. पुढं पुढं तर दिवा लागायची वाटही बघायचो नाही. ती वर गेली की मी बॉनेट उघडायचो.

ती खाली यायची ती भिंतीला धरून, दंडाला पट्टी. गाडीत बसली की आधी डोळे मिटून घ्यायची. एकदा डोळे उघडले आणि समोर घड्याळात चार वाजून गेलेले दिसले, म्हणाली, “आत्ता तर बारा बी नाय झाले.”

मी सांगितलं, वायर काढली होती, दिवा गेला.

“घ्या. म्हंजे खाली हिचं बी डायलिसिसच चाललंय की,” ती म्हणाली. “हिला तरी सुई टोचत नाय.”

दीड वर्ष असं चाललं. मग एक दिवस ती मशिनवरून उठली नाही. ते मी इथं लिहीत नाही. लिहून काय होणार.

दहावं, बारावं, तेरावं झालं. आमची एकुलती पोर शेलूला असते, स्टेशनजवळच्या नव्या बिल्डिंगांमध्ये. जावई रोज ठाण्याला जातो. पोर तेराव्यापर्यंत इथं होती. तिला कुठं काही पटत नव्हतं. आईच्या सगळ्या जुन्या कागदांची तिनं एक फाइल केली. गावातल्या उपकेंद्रात दर काही महिन्यांनी साखर तपासायचे, त्याच्या चिठ्ठ्या आईनं जपून ठेवल्या होत्या. पोरीनं त्या तारखेप्रमाणे लावल्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती फाइल उघडून दाखवायची. बघा, साखर कधी वाढलेलीच नाय. हितं चांगली, हितं चांगली, हितं बी चांगली. मग किडन्या जातात कशा? त्या मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरनंच काहीतरी चुकीचं दिलं. मी त्याला सोडनार नाय. लोक मान हलवायचे. मी पण गप्प बसायचो. मला खरं माहीत होतं आणि मी गप्प बसायचो.

ती शेलूला परत गेली आणि घर मोकळं झालं. मला कशातच रस राहिला नाही. भात शिजवायचा, खायचा, भांडं घासायचं. जिवंत माणसानं करायची म्हणून कामं. गाडी अंगणात उभी होती. एक दिवस बाजाराला जायला काढली तर दिवा लागलेला, आणि पळसदरीच्या पुढं चढाला गाडी ओढेना. दुसरा गिअर टाकला तरी कुथत होती. आता ही घाटाखालीच कुठंतरी बंद पडणार, असं वाटून मी ठरवलं की खोपोलीच्या शिळफाट्याला गॅरेजात दाखवायची.

ज्या दिवशी जायचं त्या दिवशी सकाळी मी काय केलं असेल? आधी वायर काढली. दिवा घालवला. गाडी धुतली, पुसली आणि मग गॅरेजात नेली. का, ते मी तेव्हा सांगू शकलो नसतो. पेटलेला दिवा घेऊन परक्याच्या दारात जायचं बरं दिसत नाही, असलंच काहीतरी डोक्यात असणार.

गॅरेजवाला मिस्तरी माझ्या जावयाच्या वयाचा. त्यानं स्टेअरिंगच्या खाली एक यंत्र जोडलं, पाटीएवढं. त्यावर गाडीच्या डोक्यातलं सगळं वाचता येतं. त्यानं बघितलं, परत बघितलं आणि म्हणाला, यात काही नाही, कोरं आहे. मी म्हटलं, पण चढाला ओढत नाही. त्यानं यंत्र बाजूला ठेवलं आणि त्याची नजर घड्याळाकडं गेली.

“काका, आत्ता साडेदहा वाजलेत. हिच्यात अडीच कसे?”

त्यानं बोटं मोजली.

“म्हंजे एकापासून दीड तास. सकाळी नऊला बॅटरी काढली का तुमी?”

मी हो म्हटलं. त्यानं विचारलं, कशाला. मी म्हटलं, इकडं यायचं होतं म्हणून. तो हसला. आतल्या बाजूला टायर काढत बसलेला त्याचा भाऊ पण हसला, म्हणाला, काकांनी पोरगी दाखवायला आणलीय, पावडर लावून. मला पण हसू आलं असतं एरवी. मग मिस्तरी हसायचा थांबला आणि पान्यानं बॉनेटवर टकटक करत बोलला.

“काका, राग मानू नका. दिवा लागतो तेव्हा काय झालंय ते ती आत लिहून ठेवते. तेच वाचायला हे यंत्र हाय. तुमी येताना सगळं पुसून आनता, मग मी बघू काय? बिघाड गेला नाय. बिघाडाची खबर गेली. किती दिवस करताय हे?”

मी सांगितलं, दीड वर्ष.

त्यानं कपाळावर हात मारला नाही की काही नाही.  मग म्हणाला, आता वायरीला हात लावायचा नाही. तशीच चालवा. दिवा पेटला की पेटलेलाच घेऊन या.

मी गाडीत येऊन बसलो. चावी लावली पण फिरवली नाही. फाट्यावर तेवढ्यात दोन कंटेनर समोरासमोर अडकले होते आणि सगळे हॉर्न वाजवत होते, म्हणून निघताही येत नव्हतं. बिघाड गेला नाय, बिघाडाची खबर गेली. हे एक वाक्य घेऊन मी तिथं अर्धा तास बसलो असेन. आमच्या घरात हे काम दीड वर्ष नाही, बारा-तेरा वर्षं चाललं होतं. आणि ते गाडीवर नव्हतं.

बायकोला साखर आहे हे कळलं ते गावातल्या उपकेंद्रात. बोटाला सुई टोचून एका छोट्या पट्टीवर रक्त घ्यायचे. तिथली नर्सबाई तोंडानं फटकळ. साखर वाढलेली निघाली की सगळ्या बायकांच्या समोर बोलायची. भात कमी करा सांगितलं होतं ना, ऐकायला काय होतं, मरायचं हाय का. पहिल्या दोन वेळा माझ्या बायकोला ते ऐकून घ्यावं लागलं. घरी आली ती पदर तोंडाला लावून. तिला साखरेचं काही नव्हतं, चार बायकांत बोलणी खाल्ली त्याचं होतं.

तिसऱ्या वेळेला तिनं तयारी केली. तपासणीच्या आधी तीन दिवस भात बंद. तांदळाची भाकरीही बंद. आमच्याकडं भात सोडणं म्हणजे जेवण सोडण्यासारखंच. आम्ही भात पिकवणारी माणसं, सकाळी भाकरी तांदळाची, दुपारी भात, रात्री भात. तर त्या तीन दिवसांत ती नाचणीची भाकरी आणि शेवग्याचा पाला खायची. चहा बिनसाखरेचा. सकाळी कारल्याचा रस, डोळे मिटून. संध्याकाळी धरणापर्यंत चालत जाऊन यायची. चौथ्या दिवशी सुई टोचून घेतली, साखर छान आली. नर्सबाईनं सगळ्यांना सांगितलं, या मावशीकडून शिका. बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझी बायको घरी आली ती हसत. आली आणि तिनं आधी भात लावला.

तेव्हापासून तो रिवाजच झाला. तपासणीची तारीख कळली की उलटे तीन दिवस मोजायचे. मधले सगळे महिने तिचं पूर्वीसारखंच चालायचं. दोन वेळा भात, गुळाचा चहा, गणपतीत मोदक, शिमग्याला पोळ्या. गोळ्या आठवतील तशा. तपासणी आली की तीन दिवस तप. तिला कधी वाटलं नाही की हे खोटं आहे. पाहुणे यायचे असले की आपण घर सारवतो, पडदे धुतो, त्यातलंच हे. आणि मला काय वाटायचं? मला अभिमान वाटायचा. बाजारात मी चार जणांना सांगितलेलं आहे की आमच्या घरात पथ्य फार कडक.

किडन्या गेल्याचं कळलं तेव्हा मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरनं जुने कागद मागितले. तरुण माणूस, पण नीट बोलायचा. त्यानं सगळ्या चिठ्ठ्या उलटून बघितल्या आणि विचारलं, साखर एवढी चांगली असताना हे कसं झालं? तीन महिन्यांची तपासणी कधी केली होती का? मी विचारलं, म्हणजे काय. तो म्हणाला, एक तपासणी असते, ती मागच्या तीन महिन्यांची सगळी साखर काढते. आदल्या दिवशी काय खाल्लं यानं तिला फरक पडत नाही. रक्त ते विसरत नाही.

आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. ती जमिनीकडं बघत होती, मी त्याच्या टेबलावरच्या पेनाकडं.

परत येताना ती गाडीत समोरच्या रस्त्याकडं बघत बसली. अर्धा रस्ता गेल्यावर म्हणाली, “अवो, बायला सांगू नका हां. ती मला लय हुशार समजते.”

पोरीला आम्ही बायच म्हणतो. मी म्हटलं, नाही सांगत.

हे सगळं मला शिळफाट्याला त्या गाड्यांच्या गोंधळात आठवलं. आठवलं असं नाही म्हणता येणार, विसरलो कधी होतो? पण ते मी एका बाजूला ठेवलेलं होतं. मिस्तरीनं ते उचलून समोर ठेवलं.

नऊ दिवसांनी दिवा लागला. मी वायरीला हात लावला नाही. हात शिवशिवत होता, सांगतो. एकदा तर पाना घेऊन अंगणात गेलो आणि परत आलो. शेजारचा म्हणाला, काका, दिवा पेटलाय, कुठं चाललात तशी घेऊन. मी म्हटलं, पेटू दे. मिस्तरीनं यंत्र लावलं, या वेळेला त्यावर चार ओळी आल्या. एका सिलिंडरची ठिणगी मधून मधून पडत नव्हती, तिथली कॉइल गेली होती. ते एवढं मोठं नव्हतं. पण ठिणगी पडली नाही की पेट्रोल न जळता पुढं जातं आणि सायलेन्सरच्या अंगाला आत एक बारीक जाळी असते ती भाजून निघते. ती जाळी आता भरून गेली होती, म्हणून गाडी चढत नव्हती. मिस्तरीनं मला ती काढल्यावर दाखवली. म्हणाला, पहिल्या दिव्याला आली असती तर एका कॉइलवर भागलं असतं.

 किडनी म्हणजे चाळणी, असं त्या डॉक्टरनं पण चित्र काढून दाखवलं होतं. मी जाळी हातात घेऊन बघितली आणि परत दिली.

त्याच आठवड्यात पोर महिन्याच्या पानाला आली. बायकोचं महिन्याचं पान आम्ही घालतो, नैवेद्य दाखवून घास बाहेर ठेवतो. पोरीनं सगळं आईच्या हातचं असायचं तसं केलं, वरण, भात, अळूची भाजी, खीर. घास ठेवून झाला, आम्ही जेवायला बसलो. तिनं मला वाढलं आणि स्वतःच्या ताटात पिशवीतून एक भाकरी काढून ठेवली. शेलूहून करून आणलेली. काळसर, नाचणीची.

मी विचारलं, भात का नाही घेत.

ती म्हणाली, शनिवारी त्यांच्या बिल्डिंगमध्ये साखर तपासायला येणार आहेत. मागच्या खेपेला तिची थोडी जास्त निघाली होती, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बायकांसमोर फार लाज वाटली. म्हणून आईनं सांगितलं होतं तसं करतेय.

मी विचारलं, आईनं काय सांगितलं होतं.

“हेच. आधी तीन दिवस नाचनी खायची, चहात साखर नाय, कारलं प्यायचं. आई किती पाळायची पथ्य, बाबा. तेराव्याला मी सगळ्या चिठ्ठ्या बघितल्या ना, एकदा बी साखर वाढलेली नाय. मला नाय जमत तिच्यासारखं.”

 मला वाटलं होतं की तिला सांगायचं की नाही हे माझ्या मनात ठरायचं आहे. ठरायचं काही राहिलंच नव्हतं. बायकोनं लपवायचं ते लपवलं आणि कसं लपवायचं ते मात्र पोरीला शिकवून गेली. तिच्या मनात वाईट नव्हतं. तिला वाटलं, लेकीला औषध सांगतेय.

मी म्हटलं, “बाय, ती तीन दिवसच पाळायची.”

“म्हंजे?”

“म्हंजे तपासनीच्या आधीचे तीन दिवस. बाकी वर्षभर आपल्यासारखाच भात, आपल्यासारखाच गूळ. त्या चिठ्ठ्या त्या तीन दिवसांच्या हायत. तिच्या साखरेच्या नायत.”

तिनं भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. मग हळूहळू विचारायला लागली, किती वर्षं, दर वेळेला का, गोळ्या तरी घ्यायची का. मी जे होतं ते सांगितलं. नर्सबाईचं सांगितलं, टाळ्यांचं सांगितलं, त्या डॉक्टरनं विचारलेलं सांगितलं. डॉक्टरचं नाव घेऊन तू गावभर बोलतेस ते बंद कर, त्यानं काही केलेलं नाही, हेही सांगितलं.

“तुमाला म्हाईत होतं?”

“कारली मीच आनायचो.”

ती ओरडली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. खाली मान घालून म्हणाली, “म्हंजे तुमी दोघांनी मिळून मारलं तिला.”

मी नाही म्हटलं नाही. ताटातला भात गार झाला होता, तो मी खाल्ला. टाकायचा कशाला, तिच्या नावाचा होता.

ती उठून मागच्या दारी गेली, कपडे धुवायच्या दगडावर बसली. बराच वेळ बसली. मी भांडी घासली. खिडकीतून मला तिची पाठ दिसत होती. तिच्या आईची पण पाठ तशीच, जरा वाकडी, एक खांदा खाली. परत आत आली तेव्हा डोळे लाल होते पण आवाज नीट होता.

“आई नको म्हनाली असंल ना सांगायला?”

“हो.”

“मग आता कशाला सांगितलंत?”

मी तिच्या ताटाकडं बोट केलं. ते अजून तसंच होतं, भाकरीचा एक घास मोडलेला.

 मग मी तिला तीन महिन्यांच्या तपासणीचं सांगितलं. म्हटलं, शनिवारची राहू दे, ही कर. हिला नाचणी खाऊन फसवता येत नाही. काय यायचं ते खरं येऊ दे, बायका काय म्हणतील ते म्हणू दे, तुझं वय काय, अजून वेळ आहे. एवढं सलग मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो. आमच्या घरात बोलायचं काम तिच्या आईकडं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला कर्जतला सोडायला निघालो. पूर्ण रस्ता ती खिडकीतून बाहेर बघत होती. लावणी झालेली शेतं, मधे मधे फार्महाउसवाल्यांची कुंपणं. कर्जतच्या चार फाट्यावर आल्यावर म्हणाली, स्टेशनला नको, आधी बाजारात घ्या. तिथं रक्त तपासायची जागा आहे, तिथं उतरली. मी गाडी लावायला जागा शोधली आणि पायऱ्यांवर जाऊन बसलो. वर जावंसं वाटत होतं, पण पाय उचलला नाही. ती दंडावर कापूस दाबून बाहेर आली. मी विचारलं, तीच सांगितली ना, तीन महिन्यांची. तिनं मान हलवली. मी तिला स्टेशनला आणलं. उतरताना म्हणाली, “मी फोन करीन, तुमी करू नका.”

दोन दिवस फोन आला नाही. मी केला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी अंगणात वळचणीला लाकडं रचत होतो तेव्हा आला. तिनं आकडा सांगितला. मला त्यातलं काही कळलं नाही, पण तिच्या आवाजावरून कळलं. म्हणाली, डॉक्टरकडं जाऊन आले, गोळ्या सुरू केल्यात, आता तीन महिन्यांनी परत हीच करायचीय. मी म्हटलं, किडन्या? ती म्हणाली, त्या बघितल्या, बऱ्या हायत.

मी लाकडावरच बसलो.

 फोनमध्ये तिच्या मागं कुकरची शिट्टी वाजली, कोणीतरी दार आपटलं. मग म्हणाली, “बाबा, तुमची कधी केली होती?”

मी म्हटलं, माझी कशाला, मला काय झालंय.

“कधी केली होती ते विचारलं.”

कधीच नाही केली. उपकेंद्रात बायकोबरोबर जायचो पण बाहेर उभा राहायचो. ते मी सांगितलं.

“उद्या जायचं. त्याच ठिकानी, कर्जतला. त्यांना सांगायचं तीन महिन्यांची. आन आज रात्री उपास-बिपास काय काढू नका.”

“ही बी तुझ्या आईसारखी दमदाटी,” मी म्हटलं.

“आईनं दमदाटी केली असती तर बरं झालं असतं,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी चहा केला. साखरेचा डबा उघडला, चमचा हातात घेतला आणि खरं सांगतो, हात थांबला. एकच घालू का, असं मनात आलं. कोण बघणार होतं. मग रोज घालतो तेवढी घातली, दोन चमचे भरून, आणि प्यालो.